शिकून झाल्यावर तिथे काम करता येतं ना?

(शिवडी येथे जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत वाढदिवस आणि गुडघेदुखी सोडली, तर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच असेल: "पोरगी मास्टर्सला चाललीय. शिकून झाल्यावर तिथे काम करता येतं ना?" मला बँकेत तीस वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. म्हणून तो प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. उत्तर "हो" असं आहे, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ग्रुपवर टाइप करायला फार लांबतं, ते आज बोलून टाकते.

आपल्यापैकी निम्म्यांचे वडील गिरणीत होते, उरलेल्यांपैकी बरेच गोदीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आपण पाचवीत होतो. आता मला सांगा, कोणाकोणाच्या घरात बदली कार्ड होतं? बघा, किती हात वर आले. नव्या पिढीतले जे मागे बसलेत त्यांच्यासाठी सांगते. बदली कामगार म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटवर हजर राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. कार्ड नसेल तर गेटवर उभं राहून उपयोग नाही. आणि कार्ड असलं तरी आज आत घेतील याची खात्री नाही.

परदेशात शिकून झाल्यावर कामासाठी जो व्हिसा मिळतो, तो हे कार्ड आहे. इंग्लंडमध्ये त्याला ग्रॅज्युएट व्हिसा म्हणतात, अमेरिकेत ओपीटी, कॅनडात पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट. नावं वेगळी, मुदती वेगळ्या. काम तेवढंच: ठरावीक दिवस तिथल्या गेटवर उभं राहण्याची परवानगी. नोकरी देत नाही, कायम करत नाही, आणि मुदत संपली की कार्ड परत. आपल्या आईवडिलांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. आपल्याला लागतं, कारण आपल्याला ते रंगीत माहितीपत्रकातून कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट, आणि मला मुख्य हीच सांगायची आहे. हा व्हिसा शिक्षण संपल्यावर मिळतो म्हणून सगळ्यांना वाटतं की त्याचं बघू नंतर. पण तो मिळणार की नाही, किती मुदतीचा मिळणार, हे बहुतेक वेळा प्रवेश घेतला त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. कुठलं कॉलेज, कुठला कोर्स, किती महिन्यांचा, कुठल्या महिन्यात सुरू होणारा. नंतर मुलगा कितीही हुशार निघो.

इंग्लंडचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त फायली त्यांच्याच असतात. एका वर्षात मास्टर्स होतं, म्हणून आपल्या लोकांना ते परवडण्यासारखं वाटतं. तिथे शिकून झाल्यावर दोन वर्षं काम करण्याची सोय पूर्वी होती. एप्रिल २०१२ मध्ये सरकारने ती बंद केली, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या देशातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. मग १ जुलै २०२१ पासून ती नव्या नावाने परत आली. पदवी किंवा मास्टर्स झालेल्याला दोन वर्षं, पीएचडीवाल्याला तीन. नोकरीचं पत्र लागत नाही, पगाराची अट नाही. ऐकायला छान आहे ना? आता पुढचं ऐका. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दोन वर्षं नाहीत, दीड वर्ष. पीएचडीची तीन वर्षं तशीच राहणार.

आता तारखांकडे बघा. अर्ज करता येतो तो परीक्षा झाल्यावर नाही. निकाल लागून, विद्यापीठाने त्यांच्या गृहखात्याला "हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला" असं कळवल्यावर. गेल्या सप्टेंबरमध्ये गेलेल्या मुलांचा प्रबंध यंदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमा होईल, निकाल बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या आसपास येईल. ज्याचं सगळं वेळेत झालं तो डिसेंबरच्या आत अर्ज करेल आणि दोन वर्षं घेईल. ज्याने प्रबंधाला मुदतवाढ मागितली किंवा ज्याचा एक विषय राहिला, त्याचा अर्ज जानेवारीत गेला तर सहा महिने कमी. ज्यांची मुलं आत्ता तिथे आहेत त्यांनी आज रात्री फोन करून एवढंच विचारा: निकाल कधी, आणि विद्यापीठ कळवणार कधी. जेवलास का, हे रोज विचारतोच आपण.

आणि जी मुलं या महिन्यात गेली किंवा येत्या सप्टेंबरमध्ये जाणार आहेत, त्यांनी दीडच वर्ष धरून चालावं. एजंट अजून दोन वर्षंच सांगताना मी ऐकलंय.

त्यात आणखी एक मेख आहे. हा अर्ज इंग्लंडमध्ये असतानाच करावा लागतो, आणि विद्यार्थी व्हिसाची मुदत संपायच्या आत. लालबागचा एक मुलगा, आईवडील आमच्याच शाखेत खातेदार. प्रबंध दिला आणि गणपतीला घरी आला. आपल्याकडचा मुलगा गणपतीला येणारच, त्यात त्याची चूक नाही. विसर्जन झालं, मग म्हणाला दिवाळी करूनच जातो, निकाल ऑनलाइन लागेल, अर्जही ऑनलाइनच आहे. वडील हप्त्याची चौकशी करायला आले होते म्हणून मला कळलं. विचारलं, विद्यार्थी व्हिसा कधीपर्यंत आहे? म्हणे जानेवारी. अर्ज ऑनलाइन असला तरी तो भरताना माणूस तिथे हवा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. महागाचं तिकीट काढून तो डिसेंबरमध्ये परत गेला आणि त्याला व्हिसा मिळाला. अर्ज दिल्यावर निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

शिवाय खर्च. अर्जाची फी ८८० पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, मुदतीचा सगळा एकदम भरायचा. दोन वर्षांचे मिळून २,९५० पौंड होतात, म्हणजे तीन लाखांच्या वर. कर्जाच्या अंदाजपत्रकात मी ही रक्कम आजवर कोणी लिहिलेली पाहिली नाही. आणि हा काळ तिथे कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांमध्ये मोजला जात नाही. पुढे राहायचं तर व्हिसा पुरस्कृत करणारा मालक हवा आणि पगार त्यांच्या अटीइतका हवा. गेल्या जुलैपासून ती अट साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंडांची आहे, नव्याने कामाला लागणाऱ्या पदवीधरांसाठी ३३,४०० ची. लग्न झालेल्यांसाठी आणखी एक: जानेवारी २०२४ पासून साधं शिकवणीचं मास्टर्स करणाऱ्याला नवरा, बायको किंवा मूल बरोबर नेता येत नाही.

अमेरिकेकडे वळू. २०२३-२४ या वर्षात तिथे भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते, आणि त्यातले ९७,५५६ ओपीटीवर. म्हणजे आपण ज्यांना "शिकायला गेलाय" म्हणतो त्यातले दहापैकी जवळजवळ तीन शिकून झालेले आणि काम करणारे होते. तिथे साधी मुदत बारा महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटातली पदवी असेल तर आणखी चोवीस महिने. एकूण तीन वर्षं. हा चोवीस महिन्यांचा नियम २०१६ पासूनचा, त्याआधी सतराच मिळायचे.

पण कोर्स त्या गटात आहे की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही. प्रत्येक कोर्सला एक सरकारी कोड असतो आणि तो मुलाच्या आय-ट्वेंटी या कागदावर छापलेला असतो. अर्थशास्त्राचंच घ्या. साध्या अर्थशास्त्राचा कोड त्या यादीत नाही, पण "इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स" या कोडखालचं अर्थशास्त्र आहे. पुस्तकं बरीचशी तीच. एका विद्यापीठात तीन वर्षं, शेजारच्यात एक. एवढ्यासाठी काही विद्यापीठांनी आपल्या कोर्सचा कोड बदलून घेतला. व्यवस्थापनाच्या कोर्सचं तर असंच आहे, दोन सारख्या नावांचे कोर्स आणि दोन वेगळे कोड. मी आईवडिलांना सांगते, आय-ट्वेंटी आली की आधी मुलाचं नाव बरोबर आहे का बघा, मग तो कोड बघा.

तिथे दिवसही मोजले जातात. कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतरच्या ६० दिवसांपर्यंत अर्ज करायचा. पहिल्या वर्षात बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात, त्यापुढे नाही. वाढीव दोन वर्षं मिळाली की सगळे मिळून १५०. वाढीव काळासाठी मालक सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेला हवा, ओळखीच्या काकांच्या दुकानाचा उपयोग नाही. आणि शिकत असताना पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून केलेलं काम, बारा महिने किंवा जास्त झालं तर त्या पदवीवरची ओपीटी गेली. काही कॉलेजं पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी देतो अशी जाहिरात करतात. तिथे सावध राहा.

त्यानंतर एच-वन-बी. वर्षाला ६५,००० आणि तिथे मास्टर्स झालेल्यांसाठी आणखी २०,०००, अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून निवड. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर एक लाख डॉलरचा आकार लावल्याची बातमी आली त्या रात्री आपल्या ग्रुपवर कोणी झोपलं नव्हतं. तो नव्या अर्जांसाठी आणि देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी आहे, तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला नाही, असं खुलासा आल्यावर कळलं. तोवर निम्म्यांनी मुलांची तिकिटं बदलली होती.

कॅनडाचं थोडक्यात सांगते, पण तिथे फसवणूक जास्त आहे. कोर्स निदान आठ महिन्यांचा हवा. आठ महिने ते दोन वर्षं यांच्यामधला असेल तर कोर्स जेवढा तेवढंच परमिट, दोन वर्षांचा असेल तर तीन वर्षं. मास्टर्सला फेब्रुवारी २०२४ पासून कोर्स दोन वर्षांपेक्षा लहान असला तरी तीन. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणजे आधी स्वस्तातला एक वर्षाचा डिप्लोमा, त्यावर परमिट, मग बघू मास्टर्सचं, असं करणाऱ्याने कार्ड एका वर्षासाठी वापरून टाकलेलं असतं. खाजगी कॉलेजात बसून सरकारी कॉलेजाचा अभ्यासक्रम शिकवणारे जे कोर्स आहेत, त्यांना १५ मे २०२४ नंतर दाखल झालेल्यांना परमिटच नाही. पदविका करणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२४ पासून ठरावीक विषयांची यादी आली, पदवी आणि मास्टर्सला ती लागू नाही. भाषेच्या परीक्षेचा दोन वर्षांच्या आतला निकाल मात्र सगळ्यांनाच पुन्हा जोडावा लागतो. जाताना दिलेली परीक्षा तोपर्यंत बहुधा जुनी झालेली असते.

जर्मनीत शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी अडकवून ठेवावे लागतात. आणि भाषा. इंग्रजीतून शिकलेला मुलगा नोकरी शोधायला लागला की मुलाखत जर्मनमध्ये. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात आधीच वर्ष घालवलेली मुलं पुढे निघतात, हे मी फायलींवरून सांगते. आयर्लंडमध्ये मास्टर्सला दोन वर्षं. ऑस्ट्रेलियात आपल्या नागरिकांना करारामुळे मास्टर्सनंतर तीन, पण जुलै २०२४ पासून वयाची मर्यादा बहुतेकांसाठी ३५. दहा वर्षं नोकरी करून मग जाणाऱ्यांनी ते आधी बघावं.

आता माझ्या टेबलावर येते. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. नामांकित विद्यापीठांच्या यादीतला प्रवेश असेल तर काही बँका विनातारणही देतात. पण आपल्या भागात तारणाला काय असतं? पागडीची खोली बँक घेत नाही. गावची शेतजमीन सहसा चालत नाही. मग मामाचा डोंबिवलीचा फ्लॅट, आत्याची मुदतठेव, पुनर्विकासात नुकताच ताबा मिळालेला ब्लॉक. ज्या खोलीसाठी आईवडिलांनी तीस वर्षं वाट बघितली ती एका सहीने तारण जाते.

तीस लाखांचं कर्ज धरा, व्याज दहा टक्के. कोर्सचं एक वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, व्याज मात्र चालू. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल तर दोन वर्षांत ते सहा लाख होतं. छत्तीस लाखांचा पंधरा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ३८,७०० रुपये. आता मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला गेली असं समजा. कोर्स संपणार सप्टेंबर २०२७ ला, हप्ता सुरू होणार सप्टेंबर २०२८ ला, आणि दीड वर्षाचा व्हिसा संपणार २०२९ च्या मध्यावर. एकूण हप्ते १८०. व्हिसाच्या मुदतीत बसतात जेमतेम नऊ-दहा. उरलेले १७० कुठल्या पगारातून जाणार, याचं उत्तर व्हिसात नाही. तिथे पुढची नोकरी लागली तर पौंडातून. नाही लागली तर मुंबईतल्या पगारातून, आणि ३८,७०० म्हणजे इथल्या नवख्या मुलाचा कधीकधी अख्खा पगार. मी सहकर्जदाराला, म्हणजे बापाला नाहीतर आईला, विचारते: मुलगी दोन वर्षांनी परत आली तर हा हप्ता तुम्हाला झेपेल? झेपेल म्हणाले तर पुढचं बोलू. नुसतं "ती परत येणारच नाही" हे उत्तर मी फाईलवर लिहून घेत नाही.

परत येण्याला आपल्याकडे उगीच हरणं म्हणतात. इथून फार लांब नाही, परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. आंबेडकर राहायचे. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा करार होता तो परत येऊन संस्थानची दहा वर्षं चाकरी करण्याचा. तेव्हाची अट परत येण्याची, आताची धडपड राहण्याची. पण तारखेचा काच तेव्हाही होता. लंडनचं शिक्षण अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली, १९२० मध्ये परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. चाळीत राहून, पगारातून वाचवून, मुदतीच्या आत. त्यांनाही कोणी एजंट भेटला असता तर काय सांगितलं असतं कोणास ठाऊक.

एजंटबद्दल शेवटचं. सगळे वाईट नसतात. पण तो फुकट सल्ला देतो तेव्हा त्याला पैसे कोण देतं हे विचारा. बहुतेक वेळा विद्यापीठ देतं, प्रवेश झाला की. तुमच्या मुलाला नंतर कामाची परवानगी मिळाली नाही म्हणून त्याचं कमिशन परत जात नाही. त्याच्याकडून प्रवेशाचं काम करून घ्या, व्हिसाचा नियम मात्र त्या त्या सरकारच्या कागदावर स्वतः वाचा. मुलांना इंग्रजी येतं, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि समजलं नाही तिथे थांबवा. इंग्रजीच्या बाई समोर बसल्यात, त्या हसतायत, म्हणजे त्यांना ही पद्धत आठवतेय.

एवढं बोलून मी थांबते, कारण चहा झालाय असं मागून खुणावतायत. ज्यांची मुलं यंदा जाणार आहेत त्यांच्यासाठी मी चहानंतर तासभर खालच्या वर्गात बसणार आहे, जिन्याच्या डावीकडचा, आपला सातवी ब. येताना कॉलेजचं प्रवेशपत्र आणा, आय-ट्वेंटी आली असेल तर ती आणा, आणि कर्जाचा मंजुरीचा कागद असेल तर तोही. माहितीपत्रक नको. आणि शक्य असेल तर मुलाला किंवा मुलीलाच बरोबर आणा, कारण तारखा त्यांच्या आहेत आणि सही तुमची.